उस्तादांचा एकच प्रश्न

उस्तादांना मुलाखतीत एकच प्रश्न विचारायची मुभा होती, आणि तो प्रश्न दर वेळी तोच असायचा. तरीही मुलाखतीच्या दिवशी सकाळी दाढी करताना ते आरशासमोर तो पुटपुटून बघायचे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कसली तालीम चाललीय? लग्नातसुद्धा एवढी तयारी केली नव्हतीत." प्रश्न काय आहे ते तिला माहीत नव्हतं. नवरा त्या कचेरीत नेमकं काय करतो हेही धड माहीत नव्हतं. विचारलं की उस्ताद म्हणायचे, "खुर्चीवर बसतो." हे अक्षरशः खरं होतं, म्हणून ती जास्तच भडकायची.

उस्ताद म्हणजे सैन्यातले जुने ट्रक ड्रायव्हर. सगळ्याच ड्रायव्हरांना तिथं उस्ताद म्हणतात, पण यांना ते नाव असं काही चिकटलं होतं की खऱ्या नावानं कोणी हाक मारली तर ते स्वतःच मागं वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. डावा गुडघा वाकत नसे. चालताना तो पाय ते एखाद्या हट्टी नातेवाइकासारखा बरोबर ओढत न्यायचे, आणि त्याच्याविषयी कोणी हळहळलं तर विषय बदलायचे.

तो गुडघा ज्या दिवशी गेला त्या दिवशी रस्ता मोकळा होता. म्हणजे कागदावर मोकळा होता.

हे असं असतं, की डोंगरातल्या रस्त्यावर गाड्यांची रांग निघायच्या आधी दूरच्या एका कचेरीत काही माणसं बसून सगळं वाचतात. आकाशातून काढलेले फोटो, खबऱ्यांनी दिलेली माहिती, कुठल्या चौकीतून धूर निघतोय, कुठला निघायचा थांबलाय. आणि त्या सगळ्याचा अर्थ काय ते एका कागदावर लिहून खाली सही करतात. यांना मोठं भारदस्त सरकारी नाव आहे, पण सैन्यात सगळे त्यांना नुसतं 'वाचणारे' म्हणतात. वाचणाऱ्यानं लिहिलं 'जा', की ड्रायव्हर गाडी घालतो. त्याला दुसरं काही कळायचा मार्गच नसतो.

त्या दिवशी उस्तादांची गाडी रांगेत दुसरी होती. पहिल्या गाडीत त्यांचा इतक्या वर्षांचा जोडीदार होता. तो परत आला नाही. पुढं चौकशीत निघालं ते असं, की कागद लिहिणाऱ्याला सकाळीच, गाड्या निघायच्या आधी, शंका आली होती. पण सही होऊन गेली होती. सही केलेला कागद परत मागायचा म्हणजे चारचौघांत आपलीच नाचक्की, असं वाटून तो गप्प बसला. माणूस वाईट नव्हता. लाजला, इतकंच.

ह्या वाचणाऱ्यांच्या विभागाच्या प्रमुख बाई तेव्हा दवाखान्यात उस्तादांना भेटायला आल्या होत्या. धीर वगैरे देण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही दोघं त्या माणसाच्या समोर उभे असता, तर त्यानं कागद परत मागितला असता?"

उस्तादांनी विचार केला. "मागितला असता बहुतेक. आमची तोंडंच तशी आहेत."

त्या वेळी त्या हसल्या नाहीत, पण उत्तर घेऊन गेल्या. गुडघा बरा व्हायचा तेवढा झाल्यावर उस्तादांना बोलावणं आलं, आणि तेव्हापासून त्या विभागात नवा माणूस घेताना एक रिवाज पडला. उमेदवार फोटो बघतो, खबरा वाचतो, निष्कर्ष लिहितो, सही करतो. मग खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेला एक साधासुधा माणूस त्याच्याकडं बघून विचारतो, "मग मी जाऊ का त्या रस्त्यानं?"

बस्स. एवढंच. पण त्या एवढ्याशा प्रश्नानं भल्याभल्यांची भंबेरी उडालेली उस्तादांनी पाहिली होती. कोणी छताकडं बघत टक्केवारी सांगायचं. कोणी "ते वरिष्ठांनी ठरवायचं" म्हणून हात झटकायचं. एका बहाद्दरानं तर "तुमचं वय काय?" असं उलट विचारलं होतं. उस्ताद कधी रागवायचे नाहीत. मतही द्यायचे नाहीत, कारण मत द्यायचा त्यांना अधिकार नव्हता. ऐकायचे, मान हलवायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागायचे.

आज मात्र सकाळी त्यांनी तो प्रश्न आरशासमोर दोनदा जास्त पुटपुटला होता. जागा एकच भरायची होती, आणि ती त्याच डोंगरातल्या रस्त्याच्या वाचणाऱ्याची होती. आणि त्या रस्त्यावर आता उस्तादांची थोरली मुलगी गाडी चालवत होती.

थोरलीनं बापाचाच पेशा उचलला तेव्हा घरात महिनाभर रणधुमाळी झाली होती. आई रडली, उस्तादांनी अबोला धरला, आणि पोरगी निवांत जेवून-खाऊन लायसन्सच्या परीक्षेला जाऊन आली. शेवटी दोघांनी हात टेकले. उस्तादांनी एकदा तिच्या शेजारी बसून पाहिलं आणि वळणावर तिनं ज्या पद्धतीनं गिअर टाकला त्यावर ते इतके खूश झाले, की अबोला धरलाय हे विसरून "शाब्बास!" म्हणून गेले. तेव्हापासून ती त्या रस्त्यावर होती. आज ह्या खोलीत जो निवडला जाईल, त्याच्या सहीवर ती गाडी घालणार होती.

खोली लांबट होती. टेबलामागं तिघं बसायचे. मधोमध बाई. उजवीकडं कर्नलसाहेब, निवृत्त झालेले पण पाठीचा कणा अजून नोकरीत असलेले. डावीकडं एक तरुण गृहस्थ, त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. हे औषधाचे नव्हेत, आकड्यांचे. टेबलावर एक लाकडी ट्रे. सही झालेला कागद त्या ट्रेत पडला की संपलं. उमेदवाराला दिलेल्या सूचनांमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, की सही केलेला निष्कर्ष परत मागणारा बाद होईल. हा नियम कर्नलसाहेबांचा. त्यांचं म्हणणं, वाचणाऱ्याचा हात एकदा डळमळला की त्याच्या भरवशावर बसलेली सगळी फौज डळमळते.

खिडकीबाहेर गाड्यांची शेड होती. कोणीतरी सकाळपासून एक इंजिन चालू-बंद करून बघत होतं, आणि त्या आवाजावरून उस्तादांना कळत होतं की बिघाड कुठं आहे ते त्या मेकॅनिकला सापडलेलं नाही.

सकाळचे उमेदवार येऊन गेले. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. मग आला तो वकील.

वकील म्हणजे खरोखरचा वकील, कोर्टात उभा राहणारा. तरतरीत, बुटांत तोंड दिसेल इतके ते चकचकीत. आत आल्या आल्या त्यानं कोट काढला आणि उस्तादांच्या हातात दिला. उस्तादांना याची सवय होती. खिडकीशी बसलेला माणूस शिपाईच असणार असं सगळ्यांनाच वाटायचं. त्यांनी कोट मुकाट्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकला.

परीक्षा सगळ्यांना सारखीच होती. शेजारच्या खोलीत फोटो मांडलेले. नदी, पूल, पुलापलीकडं वळणावर शत्रूची एक चौकी, मागं सरळसोट कडा. आणि तीन खबरा. एक समोरच्या टेकडीवरच्या मेंढपाळाची, एक पुलाजवळ भाजी विकणाऱ्या बाईची, एक मालट्रकवरच्या क्लीनरची. तिघांचं म्हणणं एकच, की चौकी रिकामी झालीय, माणसं निघून गेलीत, मागच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. फोटोतही कोणी दिसत नव्हतं. प्रश्न असा, की उद्या पहाटे गाड्या सोडायच्या का?

वकील परत आला तो हसतच. कागदावर सही करून तो त्यानं ट्रेत टाकला.

"सोडायच्या नाहीत," तो म्हणाला. "साक्षीदार तीन असले तरी साक्ष एकच आहे. मागचं दार कड्याच्या बाजूला आहे. टेकडीवरून ते दिसत नाही, पुलावरून दिसत नाही, रस्त्यावरून तर नाहीच. मग कुलूप तिघांना कसं दिसलं? कोणीतरी एकानं सांगितलं आणि बाकीच्यांनी री ओढली. कोर्टात असले साक्षीदार मी रोज बघतो."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. कर्नलसाहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं असं पुढं सगळ्यांचं मत पडलं. बाईंनी उस्तादांकडं बघितलं.

"मग मी जाऊ का त्या रस्त्यानं?" उस्तादांनी विचारलं.

वकिलाला क्षणात कळलं की आपण कोट कोणाच्या हातात दिला. पण तो गडबडला नाही. "अजिबात नाही," तो म्हणाला. "कारणं कागदावर लिहिली आहेत."

वा! उस्तादांनी मनातल्या मनात दाद दिली. एवढं स्वच्छ उत्तर त्या खोलीत फार दिवसांत कोणी दिलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला जरा डिवचून पाहिलं. "आणि आम्ही म्हटलं, की तुमचं चुकलंय?"

"तर मी म्हणेन, सिद्ध करा."

कर्नलसाहेबांनी समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली. वकील कोट घेऊन, उस्तादांचे व्यवस्थित आभार मानून गेला. पोरगा गुणी होता, त्यात वादच नाही. तरी उस्तादांच्या मनात कुठंतरी कुसळ अडकल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःलाच दटावलं. अरे, बरोबर सांगितलं ना त्यानं? तुला आणखी काय हवंय?

शेवटची उमेदवार एक महिला होती. मध्यम वयाची. शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं बनवायची. आत आली ती पर्समध्ये पेन्सिल शोधत, आणि पेन्सिल तिच्या केसांत खोचलेली होती. उस्तादांनी आपल्या डोक्याकडं बोट करून दाखवलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "थँक यू काका. घरीही असंच असतं माझं. चष्मा लावून चष्मा शोधते."

कर्नलसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा लांब झाला. "बसचं वेळापत्रक आणि हे काम," ते म्हणाले, "ह्यांचा संबंध काय?"

"साहेब, वेळापत्रकात बस रोज वेळेवर असते," ती म्हणाली. "रस्त्यावर नसते. त्या दोन्हींच्या मधे काय होतं ते शोधायचं, हेच माझं काम. आवडतं मला ते. इथंही तेच असेल असं वाटलं."

डॉक्टर मोकळेपणानं हसले. बाईंनी तिला शेजारच्या खोलीत पाठवलं.

ती बऱ्याच वेळानं परत आली. कागद नीट, गिचमिड नाही, मुद्दे एकाखाली एक. तिनं सही केली आणि कागद ट्रेत ठेवला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. फोटोत हालचाल नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन माणसांच्या खबरा एकमेकींशी जुळतात. चौकी रिकामी आहे. गाड्या सोडाव्यात.

झालं! उस्तादांचा जीव खट्टू झाला. त्यांना ती आवडली होती. पण आवडून काय उपयोग? तिघांना एक न धरता तिघं धरलं, म्हणजे नेमक्या खड्ड्यात चाक घातलं. कर्नलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. आता नावापुरता प्रश्न उरला होता, म्हणून उस्तादांनी विचारला.

"मग मी जाऊ का त्या रस्त्यानं?"

"हो," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हणजे तुम्ही स्वतः जाणार?"

"मी स्वतः. माझ्या मागं सगळी रांग."

"गाडीत एकटेच असता?"

"शेजारी जोडीदार असतो."

हे उत्तर ठरलेलं नव्हतं. आपण का दिलं ते उस्तादांनाही कळलं नाही. बाहेर इंजिन पुन्हा एकदा गुरगुरून बंद पडलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"तो कागद द्या परत," ती म्हणाली.

कर्नलसाहेबांनी ट्रेवर हात ठेवला. आवाज मऊच होता. "मॅडम, सूचना वाचल्यात ना? परत मागितलात तर तुम्ही बाद."

"वाचल्यात. द्या."

"काय चुकलंय ते तरी सांगा."

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "काहीतरी खटकतंय. यांना हो म्हणता येईना मला. आधी यांना थांबवा, मग मी शोधते काय चुकलंय ते. बाद तर बाद करा, पण तो कागद तिथं ठेवू नका!"

शेवटचं वाक्य ती चक्क ओरडली. कर्नलसाहेबांवर असं ओरडलेलं त्या इमारतीत कोणी ऐकलं नव्हतं. आणि उस्तादांच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं ते त्या खुर्चीवर बसले होते ते ह्या एका वाक्यासाठी, हे त्यांना आत्ता कळलं.

बाईंनी ट्रेतून कागद उचलला आणि तिला दिला.

ती तिथंच उभ्या उभ्या खबरा पुन्हा वाचायला लागली. पेन्सिल दोनदा खाली पडली. फोटो उलटा धरला, सुलटा धरला. आपल्याशीच पुटपुटत होती. "मेंढपाळ इथं. भाजीवाली इथं. क्लीनर रस्त्यावरून..." मग ती थांबली. "कुलूप," ती म्हणाली. "मागच्या दाराचं कुलूप ह्यांना दिसलं कुठून? ते तर कड्याकडं आहे. आमच्या डेपोत एका बसविषयी तीन तक्रारी आल्या, की आधी बघतात तिघं एकाच घरातली आहेत का. मला हे आधी दिसायला हवं होतं. हे तिघं नाहीत, एकच आहे. तो एक कोण, मला माहीत नाही. खरंही सांगत असेल. चौकी खरंच रिकामी असेल. पण मी ज्याच्या भरवशावर 'जा' म्हटलं ते नव्हतंच."

मग ती उस्तादांकडं वळली. "जाऊ नका," ती म्हणाली. "आणि माफ करा. मघाशी मी तुम्हाला हो म्हणणारच होते."

उस्तादांनी नुसती मान हलवली. तिनं पर्स उचलली, पेन्सिल पुन्हा केसांत खोचली, "बाद ना? बरं," असं म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत दार लोटून गेली.

तिघांची चर्चा सुरू झाली. अशा वेळी उस्ताद उठून बाहेर जात. ते उठायला लागले तसं बाईंनी हातानंच बसा म्हणून खुणावलं.

कर्नलसाहेबांचं मत पक्कं होतं, आणि ते मूर्खासारखं नव्हतं हे उस्तादांनाही मान्य होतं. "मुलगा पहिल्या फटक्यात बरोबर होता. हिला दुसऱ्यांदा कळलं, तेही धक्का दिल्यावर. आज एकदा कागद परत मागितला, उद्या दहादा मागेल. गाड्या अर्ध्या रस्त्यात सडतील. पलीकडं औषधं पोचायची असतात, धान्य पोचायचं असतं. थांबण्यालाही किंमत असते."

"आकडे मुलाच्या बाजूनं आहेत," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "पण ती ओरडली तेव्हा मी आकडे विसरलो होतो, हेही सांगून टाकतो."

बाई उस्तादांकडं वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

उस्ताद दचकले. "मला कुठं मत आहे?"

"आज विचारतेय."

"मला नका विचारू," उस्ताद म्हणाले. "माझी थोरली त्याच रस्त्यावर आहे. मी इथं सरळ बोलूच शकत नाही. माझं म्हणणं धरू नका."

"ठाऊक आहे. तरी सांगा."

उस्तादांनी गुडघ्यावर हात ठेवला. बोलायची सवय नव्हती, म्हणून शब्द एकेक करून येत होते.

"वकीलसाहेब हुशार आहेत. मला आवडले. ते आज बरोबर होते, उद्या असतील, परवाही असतील. माझ्यासारख्यानं त्यांच्यात खोट काढायची म्हणजे चेष्टाच. पण साहेब, कधीतरी तेही चुकणार. चुकतात सगळेच. त्या दिवशी कोणीतरी त्यांना म्हणेल, तुमचं चुकलंय. आणि ते म्हणतील, सिद्ध करा." त्यांनी खिडकीबाहेरच्या शेडकडं बोट केलं. "ते सिद्ध करायला त्या रस्त्यावर गाडीच घालावी लागते. दुसरं काही साधन नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या डेपोतल्या बाई चुकल्या," उस्ताद म्हणाले. "माझ्यासमोर चुकल्या. आणि का चुकल्या ते कळायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. नोकरी गेली तरी चालेल म्हणून थांबवलं. माझ्या जोडीदाराच्या वेळी... असू दे. मी त्यांच्या कागदावर पोरीला पाठवेन. पण मी बाप आहे. बापाचं काय ऐकता?"

कर्नलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. नियम त्यांचा होता आणि माणूस आतून प्रामाणिक होता, म्हणून त्यांना ते अवघड जात होतं. शेवटी त्यांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हटलं, "उस्ताद, तुम्ही आता बाहेर जाऊन चहा घ्या." उस्ताद उठले.

कोण निवडलं गेलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती. वाचणारे वरच्या मजल्यावर बंद दाराआड बसतात. त्यांची नावं खाली येत नाहीत. पुढच्या काही दिवसांत उस्ताद दोन-तीनदा काही काम नसताना जिन्यापाशी घुटमळले. पहारेकरी म्हणाला, "उस्ताद, वर काय काढलंत? तुम्हाला तर जिना सोसत नाही." उस्ताद म्हणाले, "म्हणूनच सवय करतोय." पहारेकऱ्यानं सोडलं नाही. एकदा बाई समोरून आल्या. उस्तादांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघितलं, पण त्या चेहऱ्यावरून आजवर कोणाला काही सापडलेलं नव्हतं. घरी बायको म्हणायला लागली, की तुमचं जेवणात लक्ष नाही. उस्ताद म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

मग एका संध्याकाळी थोरलीचा फोन आला. हॅलो म्हणायच्या आधीच ती सुरू झाली. ती इतकी तापली होती, की उस्तादांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाबा, सांगू नये, पण आज मला बोलायचंच आहे कोणाशी तरी. पहाटे निघालो आम्ही. रस्ता मोकळा आहे म्हणून वरूनच सांगितलेलं. अर्ध्या वाटेत गेलो आणि थांबा म्हणून निरोप! सकाळचा कागद म्हणे परत घेतलाय. दिवसभर उन्हात उभे होतो आम्ही, दिवसभर! गाडीचा पत्रा असा तापला होता, की हात लावला तर चटका बसत होता. पाणी संपलं. पलीकडची माणसं तिकडं सामानाची वाट बघत बसलेली. आमच्या साहेबांनी वर विचारलं, अहो, कारण तरी सांगा. तर उत्तर काय आलं असेल?"

"काय आलं?" उस्तादांनी विचारलं.

"म्हणे, ते अजून माहीत नाही, शोधतोय! आधी थांबा, कारण मग सांगतो! असं असतं का कुठं? कोण बसवलंय तिथं देव जाणे!"

उस्तादांनी मागं हात करून खुर्ची चाचपली आणि ते खाली बसले. बायको दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं बघून घाबरली. "अहो, काय झालं? बरी आहे ना ती?" त्यांनी हातानंच सांगितलं, की बरी आहे.

"आणि गंमत ऐका," थोरली म्हणत होती. "दुपारी त्याच रस्त्यानं पलीकडून एक म्हातारा आला. काठी टेकत, शीळ घालत! आम्ही त्याला विचारलं, पुढं काय आहे? म्हणाला, काय असणार? काही नाही. आमच्या रांगेतल्या एकूण एक ड्रायव्हरनं त्या वरच्या माणसाचा उद्धार केलाय आज. मीही केला. असल्या शिव्या दिल्या की तुम्ही ऐकल्या असत्या तर कान उपटले असते माझे. बाबा? ऐकताय ना? रस्ता मोकळा होता, बाबा! पूर्ण मोकळा होता!"

"असू दे," उस्ताद म्हणाले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तू बोलत राहा."